कर्णधार आणि बंदर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, संगीत नाटकावर, शहाजीराजांच्या बंगळुरातील वास्तव्यावर विद्वानांनी भाषणे केली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही, आणि माझा विषयही तसा रुक्षच. तेव्हा हा विषय मी का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटत असताना एका आजींनी मला बाजूला बोलावले. म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मुलाच्याच धंद्यातले. एक सांगा, तो रात्री दोन-दोन वाजता उठून काय करतो? विचारले तर म्हणतो, 'आई, क्लस्टर पडला होता.' पडला म्हणजे काय? कुठून पडला? आणि दुसऱ्याच्या कारखान्यातले यंत्र पडले तर माझ्या मुलाने का उठायचे?"

मी त्या वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले, तेव्हा येथे आलेली मराठी माणसे विमानांच्या कारखान्यात, टेलिफोनच्या कारखान्यात, बँकांत आणि टपाल खात्यात होती. त्यांचे काम घरच्यांना कळत असे. घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या गृहस्थांच्या पत्नीला घड्याळ म्हणजे काय, हे सांगावे लागत नव्हते. आज आपल्या सभासदांच्या घरांतील निम्मी तरुण मुले ज्या धंद्यात आहेत, त्या धंद्याचे नावही वडीलधाऱ्यांना उच्चारता येत नाही. आजींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

या विषयाची सुरुवात समुद्रावर होते. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचे एक जहाज ह्यूस्टनकडे निघाले. त्यावर ५८ ॲल्युमिनियमच्या पेट्या होत्या. ही कल्पना माल्कम मॅकलीन नावाच्या, मूळच्या मालमोटारींच्या व्यवसायातील गृहस्थांची. तोवर जहाजावर माल चढवायचा म्हणजे पोती, पिंपे, गासड्या, खोकी एकेक करून हमालांनी चढवायची आणि दुसऱ्या टोकाला तशीच उतरवायची. मॅकलीन यांनी ठरवले की, माल एकदा पेटीत भरला की पेटी उघडायची नाही. तीच पेटी मालमोटारीवर, तीच जहाजावर, तीच पुन्हा मालमोटारीवर. पेटीत साबण आहे की शिवणयंत्रे, याची चौकशी जहाजाने करण्याचे कारण नाही. पुढे पेट्यांची मापे ठरली, त्या मापांच्या याऱ्या बंदरोबंदरी उभ्या राहिल्या, आणि जगाच्या व्यापाराचे रूप पालटले. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा येथे सुरू झालेले बंदर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल.

संगणकाच्या क्षेत्रातही नेमकी हीच अडचण होती. एखादा प्रोग्रॅम एका संगणकावर उत्तम चालावा आणि दुसऱ्यावर नेला की अडून बसावा, हा नित्याचा अनुभव. कारण त्याला लागणारी उपांगे, त्यांच्या आवृत्त्या, मांडणी, सारे त्या पहिल्या संगणकावर विखुरलेले असे. तेव्हा प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सगळा शिधा एकाच पेटीत बांधून टाकावा, ही कल्पना पुढे आली. यासाठी लागणारी काही मूलभूत सोय २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात आली होती. २०१३ साली 'डॉकर' या साधनाने ती सर्वांना वापरता येईल इतकी सोपी केली. या पेटीलाही कंटेनर हेच नाव मिळाले.

पेट्या झाल्या, पण हजारो पेट्या सांभाळायच्या कोणी? कोणती पेटी कोणत्या संगणकावर ठेवायची, एखादा संगणक बंद पडला तर त्यावरच्या पेट्या कोठे हलवायच्या, गर्दी वाढली तर त्याच पेटीच्या आणखी प्रती केव्हा काढायच्या? हे काम करणारी व्यवस्था गूगल कंपनीने आपल्या अंतर्गत वापरातील अनुभवावरून तयार केली, २०१४ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुली केली, आणि २०१५ च्या जुलैमध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती काढून ती एका स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या हवाली केली. तिचे नाव कुबरनेटीस. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ जहाजाचे सुकाणू धरणारा. आपल्या भाषेत यासाठी फार सुंदर शब्द आहे, कर्णधार. क्रिकेटमुळे आपण त्याचा मूळ अर्थ विसरलो आहोत. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणू आणि ते धरणारा तो कर्णधार. मी आज या व्यवस्थेला कर्णधारच म्हणेन. आणि तिच्या देखरेखीखालील संगणकांच्या समूहाला म्हणतात क्लस्टर. आजींच्या मुलाचा जो रात्री 'पडतो', तो हा.

या कर्णधाराची काम करण्याची एक रीत आहे. त्याला आपण 'हे कर, मग ते कर' असे सांगत नाही. आपण फक्त शेवटची इच्छित स्थिती लिहून देतो: 'या पेटीच्या चार प्रती सदैव चालू असाव्यात.' मग तो अहोरात्र दोन गोष्टी ताडून पाहत राहतो, काय असावे आणि काय आहे. तीनच प्रती दिसल्या तर चौथी उभी करतो, पाच दिसल्या तर एक बंद करतो. घरातील कर्ती बाई दिवसातून दहा वेळा पाण्याचे पिंप उघडून पाहते आणि उणे दिसले की भरते. तिला कोणी वेळापत्रक लिहून देत नाही. तसेच हे. रीत साधी, पण विलक्षण चिवट. तिचा धोकाही याच चिवटपणात आहे; त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता दुसरी बाजू. हे संगणक असतात कोठे? पूर्वी प्रत्येक कंपनी आपले संगणक विकत घेई, वातानुकूलित खोलीत मांडी आणि सांभाळी. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने आपली साठवण आणि संगणनशक्ती वापराच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला. पुढे मायक्रोसॉफ्ट, गूगल आदी कंपन्याही या व्यवसायात आल्या. याला क्लाउड म्हणतात. हे नाव फसवे आहे. तेथे ढग वगैरे काही नाही. भक्कम भिंतींच्या, कडक पहाऱ्याच्या इमारती आहेत, त्यांत रांगोरांग संगणक आहेत. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत अशी केंद्रे सुरू केली. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र पुण्यात आहे. एका केंद्रात सामान्यतः तीन स्वतंत्र विभाग असतात. प्रत्येकाची वीज वेगळी, इमारती वेगळ्या. हेतू हा की, एका विभागावर आपत्ती आली तरी उरलेले दोन चालावेत. या विभागांचा उल्लेख लक्षात ठेवा.

तेव्हा एका बाजूला कर्णधार आणि त्याच्या पेट्या. दुसऱ्या बाजूला भाड्याने मिळणारे बंदर. कर्णधाराला समुद्र कळतो. पण प्रत्येक बंदराचे नियम वेगळे, याऱ्या वेगळ्या, जकात वेगळी. या दोहोंची सांगड घालणे, हा माझा आजचा खरा विषय. आमच्या मुलांच्या झोपा मोडतात त्यांतील बऱ्याचशा याच सांध्यावर मोडतात.

ही सांगड मुख्यतः चार ठिकाणी घालावी लागते.

पहिले ठिकाण संगणकांच्या ओळखीचे. कर्णधाराच्या यादीत एक संगणक आहे. तो काही वेळ बोलेनासा झाला. तो केवळ मुका झाला आहे, की मालकाने तो काढूनच टाकला आहे? हे कर्णधाराला स्वतः कळत नाही. क्लाउडच्या कचेरीत विचारावे लागते. तसेच एखादा संगणक कोणत्या विभागात उभा आहे, हेही तेथूनच कळते.

दुसरे ठिकाण वेशीचे. बाहेरच्या जगातून येणारी गर्दी चार पेट्यांत सारखी वाटणारे एक द्वार लागते. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. कर्णधाराकडे आपण 'मला असे द्वार हवे' एवढेच लिहितो. ते प्रत्यक्ष बांधून देणे, त्याला पत्ता देणे आणि त्याचे भाडे लावणे हे क्लाउडचे काम. तिसरे ठिकाण साठवणीच्या डिस्कचे आणि चौथे अधिकाराचे. ही शेवटची दोन खोल पाण्याची आहेत. तत्पूर्वी या सांधेजोडीच्या इतिहासाबद्दल थोडे सांगतो, कारण तो उद्बोधक आहे.

आरंभी प्रत्येक क्लाउडशी बोलण्याची विद्या कर्णधाराच्या स्वतःच्या पोटातच घातलेली होती. अशा पाच निरनिराळ्या व्यवस्थांचे ज्ञान मूळ प्रोग्रॅममध्येच होते. तुम्ही त्यांतील एकच वापरा अथवा एकही वापरू नका, पाचांचेही ओझे वाहणे प्राप्त. आणि एखाद्या क्लाउड कंपनीने आपल्या सेवेत किरकोळ बदल केला, तरी कर्णधाराची नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबावे लागे. तेव्हा ठरले की, कर्णधाराने सुकाणू धरावे, आणि बंदराशी बोलणी करण्यासाठी प्रत्येक बंदराचा वेगळा दुभाष्या असावा. २०१७ साली १.६ या आवृत्तीत अशा दुभाष्याची पहिली प्रायोगिक सोय झाली. साठवणीसाठी वेगळी ठरावीक बोली निश्चित झाली. ती २०१८ च्या डिसेंबरातील १.१३ या आवृत्तीत पक्की झाली. तरीही पोटातले जुने ज्ञान काढून टाकण्याचे काम सरता सरत नव्हते. अखेर २०२४ च्या ऑगस्टमधील १.३१ या आवृत्तीत ते पूर्ण झाले. सुमारे १५ लाख ओळींचा मजकूर मूळ प्रोग्रॅममधून काढला गेला. जगभरातील कित्येकांनी अनेक वर्षे खपून केलेले हे काम. आणि त्याचे फळ काय, तर बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बदललेले दिसू नये! आमच्या धंद्यातील उत्तम काम बहुधा असेच असते.

या बदलात एक गमतीचा पेच उभा राहिला. नवीन संगणक समूहात दाखल झाला की, दुभाष्याने त्याची ओळख पटवेपर्यंत त्याच्या कपाळी 'अद्याप अनोळखी' अशी चिठ्ठी चिकटवली जाते आणि त्यावर कोणतीही पेटी ठेवली जात नाही. पण दुभाष्या हाही एका पेटीतच असतो! समूहातील पहिलाच संगणक अनोळखी असेल, तर त्यावर दुभाष्या बसणार कसा, आणि दुभाष्या बसला नाही तर त्याची ओळख पटणार कशी? तोड अशी निघाली की, दुभाष्याच्या पेटीला ती चिठ्ठी दुर्लक्षिण्याची खास मुभा द्यायची. ही मुभा लिहायला विसरलेला एक सारा दिवस मी काढलेला आहे. सगळी यंत्रे सज्ज, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत बसलेला. आपल्याकडील पंगतीत 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही' असे होऊन अन्न निवावे, तसा तो प्रकार.

आता साठवणीकडे येतो. पेटी ही स्वभावतः क्षणभंगुर असते. ती मोडली की तशीच दुसरी उभी करायची. तिच्याविषयी ममत्व धरायचे नाही. पण माणसांनी भरलेले अर्ज, पैशांचे हिशेब, रुग्णांच्या नोंदी क्षणभंगुर असून चालत नाहीत. त्या पेटीबाहेर, क्लाउडच्या डिस्कवर ठेवाव्या लागतात. पेटी एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की ही डिस्क पहिल्याकडून सोडवून दुसऱ्याला जोडावी लागते.

येथे दोन अडचणी आहेत. नेहमीच्या प्रकारची डिस्क ज्या विभागात निर्माण झाली, त्याच विभागातील संगणकाला जोडता येते. डिस्क घाईने आधी एका विभागात निर्माण झाली आणि पेटीला जागा दुसऱ्याच विभागात मिळाली, तर दोघांची गाठ कधीच पडत नाही. म्हणून अशी आज्ञा लिहून ठेवावी लागते की, पेटीची जागा ठरेपर्यंत डिस्क निर्माण करू नये. लग्नाची तिथी ठरल्याविना कार्यालय घेऊ नये, इतके हे साधे आहे. पण नवशिक्या माणसाचे दोन दिवस यात सहज जातात.

दुसरी अडचण अधिक गंभीर. ज्या संगणकाला डिस्क जोडलेली आहे, तो अचानक बोलेनासा झाला. तो मेला आहे, की केवळ त्याची तार तुटली आहे? मेला असेल तर डिस्क ताबडतोब दुसऱ्याकडे द्यावी. पण तो जिवंत असून त्या डिस्कवर लिहितच असेल, आणि आपण ती दुसऱ्यालाही दिली, तर दोन हात एकाच वहीत लिहू लागतील आणि वही कायमची नासेल. म्हणून कर्णधार थांबतो. प्रचलित रीतीप्रमाणे प्रथम पाच मिनिटे वाट पाहतो आणि मग त्यावरील पेट्या हलवण्याचा आदेश काढतो. त्यानंतर डिस्क बळाने सोडवण्यापूर्वी आणखी सहा मिनिटे थांबतो. या अकरा मिनिटांत बाहेरच्या माणसाला एवढेच दिसते की सेवा बंद आहे. अशा वेळी कोणीतरी उठावे लागते, क्लाउडच्या कचेरीत पाहून तो संगणक खरोखरच मेला आहे याची खात्री करून घ्यावी लागते आणि आपल्या जबाबदारीवर कर्णधाराला तसे सांगावे लागते. आजी, आपला मुलगा रात्री दोन वाजता बहुधा हे करत असतो. मृत्यूचा दाखला देण्याचे काम यंत्रावर सोपवता येत नाही, म्हणून तो उठतो.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

काही वर्षांपूर्वी एका धर्मादाय संस्थेचे काम आमच्याकडे होते. गरजू रुग्णांचे नातेवाईक उपचारांच्या मदतीसाठी अर्ज करत. ते अर्ज आमच्या समूहात साठवले जात. एके दिवशी आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने चाचणीचा भाग समजून खऱ्या कामाचा भाग पुसण्याची आज्ञा दिली. आज्ञा पाळली गेली. पेट्या गेल्या, त्याचे काही नाही, पेट्या पुन्हा उभ्या करता येतात. पण पेट्यांबरोबर डिस्कची मागणीपत्रे गेली, आणि मागणीपत्रे गेल्याबरोबर क्लाउडने डिस्कही नष्ट केल्या. कारण मागणीपत्र रद्द झाल्यावर डिस्कचे काय करायचे, याचे दोनच पर्याय लिहून ठेवता येतात: 'नष्ट करा' किंवा 'राखून ठेवा'. काही विशेष लिहिले नाही, तर अर्थ 'नष्ट करा' असाच धरला जातो. कर्णधाराने आपले काम चोख केले, क्लाउडनेही केले. काय असावे आणि काय आहे, यांचा मेळ बसला. काहीही नसावे असे आम्ही सांगितले होते, आणि काहीही उरले नाही.

आमच्याकडे शेवटची प्रत नऊ दिवसांपूर्वीची होती. मधल्या नऊ दिवसांतले जे अर्ज कागदावर आले होते, ते आम्ही चार रात्री बसून पुन्हा भरले. जे केवळ संगणकावरून आले होते, त्यांचे काय? संस्थेकडे काही दूरध्वनी क्रमांक होते. त्यांना एकेकाला फोन करून, 'आपला अर्ज आमच्याकडून हरवला, कृपा करून पुन्हा सांगा,' असे म्हणावे लागले. हे फोन करणाऱ्यांत मी होतो. एका गृहस्थांनी क्षणभर थांबून विचारले, "म्हणजे इतके दिवस तो कोणी वाचलाच नाही?" मी नाही म्हटले. मग ते म्हणाले, "घ्या लिहून," आणि आपल्या पत्नीचे दुखणे पहिल्या दिवसापासून त्यांनी पुन्हा सांगितले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

नंतर चौकशीची बैठक झाली. त्या मुलाने उभे राहून सांगितले की चूक त्याची आहे. त्या बैठकीत मी गप्प बसलो. आणि बंधुभगिनींनो, ते 'नष्ट करा' मी ठेवलेले होते. त्या समूहाची साठवणीची मांडणी सुरुवातीला मीच केली होती. प्रचलित नमुना घेतला, त्यात काय लिहिलेले नाही याचा विचार केला नाही, आणि पुढे तिकडे पाहिलेही नाही. त्या मुलाची चूक एका क्षणाची. माझी चूक दोन वर्षे तशीच पडून होती. हे मी संस्थेला आणि आमच्या वरिष्ठांना लेखी कळवले, पण तिसऱ्या दिवशी. त्या दोन दिवसांचे ओझे अजून उतरलेले नाही. तो मुलगा आज दुसऱ्या ठिकाणी चांगल्या पदावर आहे. त्याने मला कधी काही म्हटले नाही.

त्यानंतर आम्ही जे बदल केले ते साधे होते. महत्त्वाच्या प्रत्येक डिस्कवर 'राखून ठेवा' असे लिहिले. रोज रात्री प्रत काढू लागलो, आणि मुख्य म्हणजे ती प्रत परत उभी करून पाहण्याचा दिवस ठरवला. पुसण्याचा अधिकार दोघांच्या संमतीवाचून वापरता येणार नाही, असे केले. 'राखून ठेवा' म्हणण्यालाही किंमत असते, हेही सांगितले पाहिजे. बेवारस डिस्क, कोणाच्या लक्षात नसलेली द्वारे क्लाउडमध्ये तशीच राहतात आणि त्यांचे भाडे महिनोन्महिने चालू राहते. दिवे मालवून घर सोडले तरी मीटर फिरतच आहे, असा प्रकार. म्हणून महिन्याच्या महिन्याला हिशेब पाहणारा माणूस लागतो. आपल्या मंडळाचे खजिनदार हे काम उत्तम करतील!

शेवटचे ठिकाण अधिकाराचे. दुभाष्याने क्लाउडच्या कचेरीत जाऊन 'डिस्क द्या' म्हटले, तर कचेरीने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? पूर्वी यासाठी एक कायमची गुप्त किल्ली एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवत. ती कोणाच्या हाती लागली की घर त्याचे. दुसरा उपाय म्हणजे संपूर्ण संगणकालाच अधिकार देणे. प्रत्येक संगणकाला १६९.२५४.१६९.२५४ या ठरावीक पत्त्यावर क्लाउडची खिडकी असते. तेथे विचारले की त्या संगणकाच्या नावाने अधिकारपत्र मिळते. पण त्या संगणकावर तीस पेट्या असतील, तर तिसांनाही तोच अधिकार! एकाच बिऱ्हाडाला दिलेली किल्ली अख्ख्या चाळीला चालावी, असे ते झाले.

आताची रीत अधिक शहाणपणाची आहे. कर्णधार प्रत्येक पेटीला तिच्या नावाचे, थोड्या मुदतीचे आणि आपल्या सहीचे ओळखपत्र देतो. क्लाउडने त्या सहीचा नमुना आधीच पाहून ठेवलेला असतो. ओळखपत्र दाखवले की सही ताडून, त्या पेटीला नेमून दिलेल्या कामापुरते आणि थोड्या वेळापुरते अधिकारपत्र मिळते. कोठेही कायमची किल्ली लिहून ठेवावी लागत नाही. ॲमेझॉनच्या सेवेत ही सोय २०१९ साली झाली. इतरांकडेही याच तत्त्वाच्या सोयी आहेत. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर, कुलमुखत्यारपत्र देण्याचे सोडून विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र देण्याकडे आम्ही वळलो. येथील जुन्या सभासदांना आठवत असेल की, गावाकडून नवीन आलेला तरुण ओळखीच्या मास्तरांचे पत्र घेऊन मंडळाच्या चिटणीसांकडे येत असे. त्या पत्राने त्याला दोन महिने राहायला खोली मिळे. तिजोरीच्या किल्ल्या मिळत नसत. तत्त्व तेच.

येथे एक शंका रास्त आहे. कंटेनरचा मूळ हेतू असा की, पेटी कोणत्याही बंदरात नेता यावी. मग एका क्लाउडशी एवढी गाठ मारून घेतल्यावर त्या स्वातंत्र्याचे काय उरले? ही शंका खोटी नाही. पेट्या हलवता येतात. पण द्वारांसाठी लिहिलेल्या खास सूचना, डिस्कचे प्रकार आणि अधिकारपत्रे हे सारे त्या त्या बंदराचे असते. बंदर बदलायचे तर तेवढे पुन्हा लिहावे लागते. काही जण यावर उपाय म्हणून कोणत्याच क्लाउडच्या खास सोयी वापरत नाहीत. मग द्वारे, डिस्क, प्रती सारे स्वतःच सांभाळावे लागते, आणि ते सांभाळण्याइतकी माणसे लहान संस्थेकडे नसतात. माझे मत असे की, गाठ मारावी, पण ती कोठे मारली आहे हे लिहून ठेवावे आणि ती एकाच जागी असावी. पोटात गेलेली गाठ सोडवायला किती वर्षे लागतात, हे आपण त्या १५ लाख ओळींवरून पाहिलेच.

परगावी नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगायला नको. आपण आपली भाषा आणि सणवार पेटीत घालून येथे आणले. पण पाणी, वीज, शाळा आणि शेजार या गावचे आहेत. या गावची भाषा शिकल्याविना आपले चालले नाही, आणि ती शिकल्याने आपली गेली नाही. दोहोंमधला सांधा सांभाळण्याचे काम गेली पन्नास वर्षे या मंडळाने केले. असे सांधे आपोआप टिकत नाहीत. कोणाला तरी तेथे उभे राहावे लागते.

आजी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. आपला मुलगा अशाच एका सांध्यावर पहाऱ्याला आहे. तेथे दोन्हीकडची यंत्रे आज्ञा तंतोतंत पाळतात. आज्ञा बरोबर होती का, हे मात्र माणसालाच पाहावे लागते. त्याच्या जागण्यामुळे कोणा अनोळखी माणसाला आपले दुखणे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. सकाळी त्याला जरा उशिरा उठू द्यावे, एवढी माझी विनंती.